घुरघुरीने हाडं जुळतात का? तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘मांजराच्या घुरघुरीने हाडं जुळतात हे सिद्ध झालंय म्हणता, पुरावा कुठाय? मांजर खूश असलं की घुरघुरतं, बस्स. उगाच औषधी गुण चिकटवू नका,’ असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंत. पहिल्या मुद्द्यावर मी कान धरते. ‘सिद्ध झालंय’ हा माझा आगाऊपणा होता.

ते वाक्य आलं कुठून? २००१ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मेंढ्यांवरचा एक प्रयोग छापून आला. सेकंदाला ३० वेळा हलकेच कंप पावणाऱ्या फळीवर त्यांचे मागचे पाय रोज २० मिनिटं ठेवत. वर्षभरात मांडीच्या हाडातल्या जाळीदार भागाची घनता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढली. मांजराच्या घुरघुरीची मूळ कंपनंही साधारण तेवढीच, २५ ते ३० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा). त्याच वर्षी संशोधक एलिझाबेथ फॉन मुगेनथेलर यांनी घुरघुर रेकॉर्ड करून, ती मांजराला बरं व्हायला मदत करत असेल का, असा प्रश्न मांडला. पुढे प्रश्नचिन्ह गळून पडलं आणि मीही री ओढली. मेंढ्या फळीवर उभ्या होत्या हो, त्यांच्या शेजारी मांजर नव्हतं!

घुरघुरीच्या बाजूने मी लेखात दिलेला, उंचावरून पडूनही मांजरं वाचतात, हा दाखलाही लंगडाच. १९८७ च्या न्यूयॉर्कमधल्या पाहणीत १३२ पैकी सुमारे ९० टक्के वाचली खरी, पण ती दवाखान्यात आणलेली मांजरं. जागीच मेलेल्यांना कोण आणतं?

‘खूश असलं की घुरघुरतं, बस्स’ हे मात्र मला पटत नाही. माझ्या मांजरीचा पाय मोडला तेव्हा ती टेबलावर अंग चोरून, कान पाडून बसली होती आणि एकसारखी घुरघुरत होती. डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून हृदयाचे ठोके ऐकूच येईनात. शेवटी त्यांनी नळ सोडला, तेव्हा बाई गप्प झाल्या. (ही पशुवैद्यांची जुनी युक्ती.) त्यात आनंद कुठला? मांजरी पिल्लं देतानाही घुरघुरतात. खाणं मागताना तर घुरघुरीत रडव्या सुराची एक बारीक धार मिसळतात. २००९ साली संशोधक कॅरन मॅकॉम्ब यांनी ती मोजली आणि लोकांना ऐकवली. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही, त्यांनाही त्यातली निकड ऐकू आली.

दुखत असताना घुरघुरून ती स्वतःला शांत करते की जवळच्याला थांबवून ठेवते, यावर वाद घालायला मी तयार आहे. हाडांचं वाक्य लेखातून काढलंय.