खुलासा: तान्ह्या बाळाच्या कानाची तपासणी

सोलापुरातल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: तान्ह्या बाळाचा कान मशीनवर तपासला तर पडदा फाटतो, ३ वर्षं थांबा. हे खरं नाही. ही तपासणी मी रोज करते. मऊ टोकाचा छोटा प्रोब कानाच्या तोंडाशी बसतो, हलके आवाज सोडतो आणि आतल्या कानाचा प्रतिसाद टिपतो. सुई नाही, भूल नाही; बाळ बहुधा झोपलेलंच असतं. पहिल्यांदा मशीनवर ‘रेफर’ (म्हणजे पुन्हा तपासा) आलं म्हणून बाळ बहिरं ठरत नाही. जन्मावेळचा चिकटा कानात असला तरी तसं येतं. फेरतपासणी मात्र चुकवू नका. पहिल्या महिन्यात तपासणी, ३ महिन्यांपर्यंत निदान, ६ महिन्यांपर्यंत उपचार सुरू, हे योग्य वेळापत्रक. ३ वर्षं थांबलात तर बोलणं शिकण्याचा मोलाचा काळ हातचा जातो. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. जिथे आला, तिथे हा खुलासा टाका.