विकास मंडळं हवीतच, पण त्यांचं कार्यालय कोणाच्या पैशावर चालणार?

राज्याचा कोणता भाग विकासात किती मागे आहे हे तपासणाऱ्या विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तिन्ही विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. मंडळं पुन्हा स्थापन करा ही मागणी तेव्हापासून होते आहे, 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तसा निर्णयही घेतला. मी मराठवाड्यातला, माझा या मागणीला मनापासून पाठिंबा आहे. पण अध्यक्षपद कोणाला मिळणार यावर जेवढं बोललं जातं, त्याचा दहावा हिस्साही मंडळाच्या कार्यालयावर बोललं जात नाही. त्याचा खर्च कोण देतं, तिथल्या माणसांच्या बदल्या कोण करतं, आकडेवारी कोण मांडतं? माझ्या मते मंडळाचं खरं बळ किंवा दुबळेपण इथे ठरतं.

आपल्याकडे समित्या नेमल्या गेल्या आणि त्यांनी कामही चोख केलं. वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये जिल्हावार हिशेब मांडून अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांची विकासातली तूट, 3,186 कोटी 78 लाखांचा असल्याचं दाखवलं. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1994 ची स्थिती धरून पुन्हा मोजलं, तेव्हा आकडा 14 हजार कोटींच्या वर गेला. विजय केळकर समितीने 2013 मध्ये तालुका हा घटक धरून अहवाल दिला. पण समिती अहवाल देते आणि विसर्जित होते. त्यानंतर दरवर्षी, प्रत्येक तालुक्यात काय बदललं हे मोजत राहायला कायमचं कार्यालयच लागतं. मंडळाला नेमून दिलेलं काम हेच होतं: विकासाची तुलनात्मक पातळी तपासायची, खर्चाचा परिणाम पाहायचा, किती निधी लागेल ते सुचवायचं आणि वार्षिक अहवाल राज्यपालांकडे द्यायचा.

हे मोजणं किती गरजेचं आहे, ते सिंचनाकडे पाहिलं की कळतं. आर्थिक अनुशेष भरून निघाल्याचं सरकारी हिशेब सांगत होते, तेव्हाही अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलडाणा जिल्ह्यांत सिंचनाचा भौतिक अनुशेष उरलाच होता. म्हणजे पैसे खर्ची पडले, पाणी शेतापर्यंत गेलं नाही. हा फरक पहिल्यांदा कोणी दाखवायचा? ज्या खात्याने खर्च केला, ते खातं तो आपणहून दाखवेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

आता मंडळांची आजवरची रचना पाहा. मंडळ राज्यपालांच्या विशेष जबाबदारीखालचं, पण त्याच्या कार्यालयाचा पैसा राज्याच्या नियोजन विभागामार्फत येणारा. कार्यालय चालवणारा सदस्य सचिव राज्य सरकारचाच अधिकारी, त्याची पुढची नेमणूकही सरकारच्याच हाती. निधीवाटप न्याय्य झालं की नाही हे ज्याने सांगायचं, त्याची नोकरी निधी वाटणाऱ्याच्या मर्जीवर. अशा खुर्चीत कितीही प्रामाणिक माणूस बसवा, त्याच्या हाताला मर्यादा पडणारच.

यावर उपाय आहे आणि तो राज्यघटनेतच आहे. राज्य लोकसेवा आयोगाचा खर्च अनुच्छेद 322 नुसार राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे मुख्य तिजोरीवर, भारित असतो; म्हणजे त्यावर विधिमंडळात मतदान होत नाही. अनुच्छेद 202 प्रमाणे विधिमंडळ कायदा करून आणखी एखादा खर्चही भारित ठरवू शकतं. मग तिन्ही मंडळांच्या कार्यालयांचा खर्च का नाही? सिंचनाच्या एका मध्यम प्रकल्पापुढे ही रक्कम नगण्य असेल. भारित खर्चावर मतदान नसलं तरी चर्चा करता येते, त्यामुळे कार्यालय बेलगाम होईल ही भीती मला पटत नाही.

तेवढ्याने भागणार नाही, हेही खरं. सदस्य सचिव पूर्णवेळ हवा, अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवलेला नको. त्याला ठरावीक मुदत हवी आणि राज्यपालांच्या संमतीशिवाय बदली नको. सोबत संख्याशास्त्र, जलसंपदा आणि आरोग्य जाणणारी माणसं हवीत. खात्यांकडून आकडेवारी मागण्याचा अधिकार लेखी हवा, नाहीतर निम्मं वर्ष स्मरणपत्रं पाठवण्यातच जाईल.

आणि एका गोष्टीवर मी ठाम आहे: मंडळाने स्वतः कामं वाटू नयेत. सभामंडप, गावरस्ते, समाजमंदिरं यांच्यासाठी जिल्हा नियोजन समिती आहे, आमदार निधी आहे. कार्यालयाच्या हातात वाटायचा निधी आला की दारात रांग लागते, शिफारसपत्रांचे गठ्ठे येतात आणि मोजण्याचं काम बाजूला पडतं. शिवाय जो स्वतः वाटतो तो दुसऱ्याच्या वाटपावर बोट ठेवताना कचरतो. मंडळाला वाटायला मोठा निधी द्या, असं आपल्याच भागातले नेते म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असेल, तरी मला ही मागणी चुकीची वाटते.

मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा, असं अनुच्छेद 371(2) सांगतं. पटलावर ठेवला आणि पुढचा विषय घेतला, असं व्हायला नको. अर्थसंकल्पाआधी त्यावर एक दिवस चर्चा आणि संबंधित मंत्र्याचं उत्तर बंधनकारक करा. बैठकांची इतिवृत्तं आणि तालुकावार तक्ते मराठीत संकेतस्थळावर टाका, म्हणजे परभणीच्या किंवा यवतमाळच्या शेतकऱ्याला आपला तालुका कुठे आहे ते स्वतः पाहता येईल.

आपल्या आमदारांना भेटाल तेव्हा मंडळ कधी येणार एवढंच विचारून थांबू नका. कार्यालयाचा खर्च भारित करायला कायदा लागेल, त्यासाठी सरकारने विधेयक आणावं म्हणून ते आग्रह धरणार का, हेही विचारा. उत्तर मिळालं तर इथे नक्की लिहा.