राइड बंद ठेवा, पण आधी सांगा

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे येतात ते थीम पार्कसाठी, आणि परत जाताना बहुतेकांच्या तोंडी एक हळहळ असते: अमुक राइड नेमकी बंद होती. भारतातल्या नातेवाइकांशी या विषयावर बोलणं निघालं की दोन मतं ठामपणे ऐकू येतात. पहिलं असं की आपल्याकडच्या पार्कात कधीही जा, दोन-चार राइड बंदच असतात आणि तिकीट मात्र पुरतं घेतात. परदेशात हे खपवून घेत नाहीत. दुसरं मत प्रत्येक अपघातानंतर उसळून येतं: हे सगळे पाळणे कायमचे बंद करा. दोन्हींमागचा राग मला समजतो. पण इथे राहून जे बघतो त्यावरून वाटतं, तो भलत्याच गोष्टीवर निघतोय.

आधी ‘परदेशात खपवून घेत नाहीत’ याबद्दल. डिस्नीच्या मॅजिक किंगडममधला एकच कोपरा घेतो. तिथली स्प्लॅश माउंटन ही पाण्यातली राइड जानेवारी 2023 मध्ये बंद झाली आणि तिच्या जागेवर टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर सुरू झाली ती जून 2024 मध्ये. ती सुरू झाली न झाली तोच जानेवारी 2025 मध्ये शेजारची बिग थंडर माउंटन ही जुनी रोलर कोस्टर रुळांच्या कामासाठी वर्षाहून जास्त काळ बंद केली. त्याच वर्षी जुलैत समोरची कृत्रिम नदी, तिच्यातलं बेट आणि वाफेवर चालणारी बोट कायमची गेली. म्हणजे पार्कच्या या एका बाजूला 2023 पासून बहुतेक काळ कुठलं ना कुठलं कुंपण आहेच. डिस्नीच्याच एपकॉट या दुसऱ्या पार्कमध्ये तर मध्यभागच 2019 पासून डिसेंबर 2023 पर्यंत कामाच्या भिंतींआड होता. मधली महामारी धरली, तरी तेवढ्या काळात आलेल्या माणसाने आत शिरल्यावर तो मोठा चंदेरी गोल पाहिला आणि त्यामागे रंगवलेल्या फळ्यांमधून वाट काढली.

चालू राइडसुद्धा पूर्ण चालू असेलच असं नाही. अ‍ॅनिमल किंगडममधली एक्सपीडिशन एव्हरेस्ट ही डिस्नीचीच रोलर कोस्टर 2006 साली उघडली. तिच्या शेवटी अंगावर झेपावणारा प्रचंड यती हे तिचं सगळ्यात मोठं आकर्षण. तो झेपावणं लवकरच थांबलं आणि तेव्हापासून लुकलुकत्या दिव्यांनी हालचालीचा नुसता आभास करतात. 2022 मध्ये ही राइड काही महिने दुरुस्तीसाठी बंद होती, तरीही यती जागचा हलला नाही. राइड म्हणून ती आजही झकास आहे, आणि बहुतेकांना काही हुकल्याचं कळतही नाही. पण ‘तिकडे सगळं लख्ख चालू असतं’ असं कुणी म्हणालं की मला हा यती आठवतो.

मग इथले लोक गप्प का बसतात? कारण इथे दोन तऱ्हेचे प्रेक्षक आहेत. वर्षभराचा पास काढलेला स्थानिक माणूस राइड बंद दिसली तर पुढच्या महिन्यात येतो. त्याला ते कुंपण म्हणजे उत्सुकतेचा विषय असतो. तो त्याचे फोटो काढतो, क्रेन मोजतो, काय बांधताहेत यावर तासभर बोलतो. थीम पार्कांबद्दल जे बोललं आणि लिहिलं जातं, त्यातला मोठा हिस्सा याच लोकांचा. आयुष्यात एकदाच, व्हिसाच्या रांगेपासून सुट्टीच्या अर्जापर्यंत सगळं जुळवून आलेल्या कुटुंबाचा आवाज त्यात फारसा नसतो. त्यांना पुढचा महिना नसतो. बंद राइड त्यांच्यासाठी कायमची बंद.

माझा मामेभाऊ आला तेव्हा हे फार जवळून पाहिलं. त्याच्या मुलीने एका रोलर कोस्टरसाठी वर्षभर उंची मोजली होती; दरवाजाच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणांचे फोटो तिने मला पाठवले होते. पार्कात पोचलो तर फाटकासमोर फळ्यांचं कुंपण, त्यावर नव्या राइडचं सुंदर चित्र. कुंपणाच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. ती त्या फटीला डोळा लावून उभी राहिली. आतून ग्राइंडरचा आवाज येत होता, पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस रुळाच्या तुकड्यावर वाकला होता. ‘ते काका ती नीट करताहेत ना?’ एवढंच तिने विचारलं. रडली नाही, हट्ट केला नाही. तिकडून निघताना तिच्या बापाचा चेहरा मात्र पाहवत नव्हता. तिकिटं घेताना त्याने तारखा, हवामान, गर्दी सगळं पाहिलं होतं. बंद राइडची माहिती पार्कच्या संकेतस्थळावर होतीही, पण तिकिटाच्या पानावर नव्हती; दुसऱ्याच पानावर, कॅलेंडरच्या पोटात होती.

राइड बंद असल्याचा त्रास त्या एका राइडपुरता राहत नाही, ही गोष्ट बाहेरून दिसत नाही. पार्कचं सगळं गणित तासाला किती माणसं बसवता येतात यावर चालतं. समजा, एक कोस्टर तीन गाड्यांवर तासाला पंधराशे माणसं वाहते. एक गाडी दुरुस्तीला गेली की हजार. रांगेत पंधराशे माणसं उभी असतील तर एक तासाची रांग दीड तासाची झाली, आणि राइड तर ‘चालू’ आहे. ती पूर्ण बंद झाली की तीच माणसं शेजारच्या रांगांत जातात. म्हणून ती बोट आणि ते बेट गेल्याचं मला एखाद्या मोठ्या कोस्टरइतकंच वाईट वाटलं. बोटीसाठी कुणी अमेरिकेला येत नाही, पण ती एका फेरीत शेकडो लोकांना सावलीत बसवून फिरवायची. दमलेल्या आजी-आजोबांना आणि कडेवरच्या पोरांना तेवढा विसावा होता. आता ती गर्दी रस्त्यावर आहे, आणि कुंपणामुळे रस्ता अरुंद झालाय. बाबागाड्या, चाकाच्या खुर्च्या, मिरवणूक पाहायला थांबलेले लोक, सगळे त्याच पट्ट्यात. फ्लोरिडाच्या उन्हात वळसा घालून चालावं लागणं ही किरकोळ गोष्ट नाही. कामासाठी झाडं काढलेली असतील तर मग विचारूच नका.

तरीही राइड बंद ठेवणं मला चूक वाटत नाही, उलट ते मी हक्काने मागतो. इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्ससारख्या पार्कांना थंडीचे महिने मिळतात. मोठ्या राइड नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत थांबतात आणि त्या काळात गाड्या सुट्या करून तपासता येतात. तिथेसुद्धा नेमेसिस या रोलर कोस्टरचे रूळ बदलायला घेतले तेव्हा नोव्हेंबर 2022 ते मार्च 2024 एवढा काळ लागला, म्हणजे मधला एक अख्खा हंगाम गेला. फ्लोरिडात हंगाम संपतच नाही. पार्क बाराही महिने उघडं. रात्री थोडंफार होतं, पण रूळ बदलणं, पाण्याचे हौद कोरडे करणं, जुने नियंत्रण संगणक काढून नवे बसवणं रात्रीत होत नाही. भारतातली पार्कंही बहुतांशी बारमाही आहेत. तिथे एकही राइड कधीच बंद दिसत नसेल तर मला आनंद होण्याऐवजी धास्ती वाटेल.

कारण उलट बाजू आपण पाहिली आहे. जुलै 2019 मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ झोक्यासारखी फिरणारी राइड मधोमध तुटून माणसांसकट खाली आली. मे 2024 मध्ये राजकोटच्या गेम झोनमध्ये पंचवीसहून अधिक माणसं जळून गेली, त्यात लहान मुलं होती. तिथे आत लोक खेळत असताना वेल्डिंगचं काम चालू होतं, आणि अग्निशमन विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र नव्हतं. बांधकाम आणि प्रेक्षक एकाच छताखाली, मधे कुंपण नाही. या घटनेनंतर इथल्या त्या रंगीत फळ्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. त्या वाट अडवतात, दृश्य बिघडवतात, आणि ठिणगी व मूल यांच्यामध्ये उभ्या असतात.

‘सगळे बंद करा’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो की बंदी आली की दुरुस्तीबद्दलचं बोलणंच संपतं. चौकशी बसते, परवाने थांबतात, काही महिन्यांनी दारं उघडतात, आणि मधल्या काळात नट, वेल्ड, सेन्सर यांचं काय झालं हे प्रेक्षकाला कळत नाही. ‘तिकडे सरकार सगळं तपासतं’ हेही खरं नाही. फ्लोरिडात हजाराहून अधिक कायम कर्मचारी आणि स्वतःचे निरीक्षक असलेली मोठी पार्कं राज्याच्या नियमित तपासणीतून वगळलेली आहेत. ती स्वतः तपासतात आणि गंभीर दुखापतींची माहिती राज्याला कळवतात. बाकीच्या ठिकाणच्या राइड राज्याचं कृषी खातं तपासतं. मार्च 2022 मध्ये ऑर्लँडोतल्याच फ्री फॉल नावाच्या उंच मनोऱ्यावरून चौदा वर्षांचा मुलगा पडून गेला, ती राइड या दुसऱ्या गटातली होती. त्याच्या आसनाचा सेन्सर हाताने बदललेला होता, त्यामुळे फट जास्त राहूनही यंत्रणेने राइड सुटू दिली. तो मनोरा वर्षभराने पाडला. म्हणजे परवाना आमच्याकडच्या त्या राइडलाही होता.

म्हणून भारतातल्या वादात मला माझं मत टाकायचं आहे ते वेगळ्या बाजूने. प्रेक्षकाने ‘सगळ्या राइड चालू पाहिजेत’ ही मागणी सोडावी आणि ‘आधी सांगा’ ही मागणी धरून ठेवावी. टोकियो डिस्नी रिसॉर्ट बंद राहणाऱ्या राइडची तारखांसह यादी कित्येक महिने आधी लावतं. तिथली स्पेस माउंटन ही रोलर कोस्टर जुलै 2024 च्या शेवटी बंद झाली; ती 2024 मध्ये बंद होणार आणि नवी 2027 मध्ये येणार, हे 2022 मध्येच जाहीर झालं होतं. ज्याला तिच्यात बसायचंच होतं, त्याला दोन वर्षं मिळाली. इथे अमेरिकेत तारखा मिळतात, पण अर्धवट: बंद होण्याचा दिवस पक्का, उघडण्याचं नुसतं वर्ष. ऐन वेळी बिघडणाऱ्या राइडचं कुणीच आधी सांगू शकत नाही, उन्हाळ्यात दुपारी विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड थांबतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ठरवून बंद केलेल्या राइडबद्दल आहे.

भारतात तर ही पद्धत अजून घडते आहे, वंडरला आणि इमॅजिकासारखी पार्कं वाढताहेत, त्यामुळे तिथे इथल्यापेक्षा चांगलं करायला वाव आहे. तिकिटाच्या पानावर, पैसे भरायच्या आधी, त्या तारखेला बंद असणाऱ्या राइडची नावं दिसली पाहिजेत. ज्या राइडची चित्रं जाहिरातीत लावली, तीच बंद असेल तर तिकिटात सूट किंवा दुसऱ्या दिवशीचा प्रवेश मिळाला पाहिजे. हे इथेही सरसकट मिळत नाही आणि ते मला अन्यायाचं वाटतं. आणि प्रत्येक राइडच्या रांगेच्या तोंडाशी एक पाटी हवी: शेवटची मोठी तपासणी कधी झाली, कोणी केली, पुढची कधी. मामेभावाच्या मुलीसारखी पोरं ती पाटी वाचतील. त्यांना उंचीची खूण वाचता येते, तारीखही येते.