बल्ब वेस्ट ऑरेंजला लागला नाही

‘न्यू जर्सीत वेस्ट ऑरेंजला एडिसनची जी प्रयोगशाळा जपली आहे, तिथेच पहिला बल्ब लागला’ असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे. ती प्रयोगशाळा 1887ची. कार्बन केलेल्या सुती धाग्याचा दिवा ऑक्टोबर 1879 मध्ये मेन्लो पार्कला पेटला. आवाज मुद्रित करून ऐकवणारा फोनोग्राफही तिथलाच, 1877चा.

मेन्लो पार्क म्हणजे आजच्या एडिसन गावातली ख्रिस्टी स्ट्रीट. मुलाकडे एडिसनला आलेल्या आई-बाबांना ती जागा हाकेच्या अंतरावर असते, पण तिथे मूळ इमारत नाही. 1938चा स्मारक मनोरा आणि छोटं संग्रहालय आहे. हेन्री फोर्डने उरलीसुरली लाकडं, इतकंच काय तिथली मातीही मिशिगनला नेऊन डिअरबॉर्नमध्ये प्रयोगशाळा पुन्हा उभारली. ती 1929 साली खुली झाली.

पण म्हणून वेस्ट ऑरेंज टाळू नका, उलट खरा ऐवज तिथेच आहे: पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रांचं दालन, रसायनशाळा, ग्रंथालयातलं एडिसनचं टेबल. अंगणातला काळा ‘ब्लॅक मारिया’ हा चित्रपट स्टुडिओ मात्र प्रतिकृती. मूळचा 1903 मध्ये पाडला. प्रयोगशाळा रोज उघडी नसते आणि ग्लेनमाँट हे एडिसनचं घर वेगळ्या आवारात आहे. दोन्हींच्या वेळा निघण्याआधीच बघा.