कापूस विकायच्या आधीच्या पाच गोळ्या

अमळनेरला माझं मेडिकल आहे. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं बाजाराच्या दिवशी औषधं न्यायला येतात, आणि कोणत्या महिन्यात कोण किती गोळ्या नेतं यावरून त्या घरात काय चाललंय ते बरंचसं कळतं. दिवाळीनंतर खेडा खरेदीवाल्याच्या गाडीत कापूस गेला की बीपीच्या, शुगरच्या गोळ्या महिन्याभराच्या जातात. आषाढ-श्रावणात तीच माणसं स्ट्रिप कापून मागतात. "भाऊ, बीपीन्या पाचच गोळ्या दे, कापूस इकाना का पुऱ्या लई जासू." बियाणं झालं, खत झालं, निंदणीची मजुरी झाली, पोरांची फी झाली. कात्री लागते ती गोळीला, कारण गोळी चुकली तर त्या दिवशी काहीच दुखत नाही.

दुखत नाही, पण आत चालूच असतं. बीपी वाढलेलं कळत नाही, आणि एखाद्या पहाटे तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही, जीभ जड होते. लकव्याची ही लक्षणं दिसली की रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येण्याची मुदत साधारण साडेचार तासांची असते. त्यातला अर्धा वेळ आपण गाडी शोधण्यात आणि "जरा पडून राहू द्या" म्हणण्यात घालवतो. पुढे जो खर्च होतो त्यात दोन-चार वर्षांच्या गोळ्या सहज आल्या असत्या. शेत गहाण पडतं, घरातली बाई आजारी माणसाचं करता करता स्वतः आजारी पडते, आणि गोठ्यातली गाय विकली जाते.

तब्येत, मन, पैसा आणि दारातलं जनावर यांच्यावर आपण वेगवेगळे सल्ले वाचतो. सल्ले चांगलेच असतात. पण आपल्याकडे या चारही गोष्टी एकाच कापसाच्या पैशावर चालतात, आणि एक ढासळली की बाकीच्या तिच्यामागे जातात. दुसरी अडचण अशी की या सगळ्याला आपलं उत्तर एकच असतं, वेळ मिळाला की करू. खान्देशात वेळ कधी मिळतो? पेरणी, निंदणी, वेचणी, मग लग्नसराई. वेळ फक्त सणाला मिळतो. सण कुणी पुढे ढकलत नाही, कर्ज काढून का होईना पण करतो. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की काळजीची कामं आपल्या सणांना बांधून टाकावीत.

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे, तेव्हा तिच्यापासून सुरू करतो. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. बाईला वर्षात स्वतःचे असे हेच चार दिवस. सासरी तिला "मला थकवा येतो" हे म्हणायलाही जागा नसते. तर आयांनो, लेक आली की एक सकाळ तिला लॅबमध्ये घेऊन जा आणि हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. माझ्याकडे कितीतरी बाया "ताकदीचं टॉनिक" मागायला येतात. त्यांना टॉनिकची बाटली नको असते, लोहाची गोळी हवी असते, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. गोळीसोबत चहा नको, लिंबू चालेल. चहाने लोह अंगी लागत नाही. त्याच केंद्रात बीपी आणि शुगरच्या गोळ्याही मोफत मिळतात. ज्यांना पाच-पाच गोळ्या न्याव्या लागतात त्यांना मी तिथेच पाठवतो. तिथे नसतील तर जनऔषधी केंद्रात तेच औषध बरंच स्वस्त मिळतं. माझा धंदा कमी होईल, हे मला चालतं. गोळी बंद पडलेली मला चालत नाही.

आखाजी म्हणजे ऊन. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो हे आपल्याला नवं नाही, आणि नवं वाटत नाही म्हणूनच आपण बेफिकीर असतो. उन्हात राबून आलेला माणूस बरळायला लागला, अंग तापलं आणि शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात आहे. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि दवाखान्याकडे निघा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका, ते छातीत जातं. साधा शोष पडला असेल तर ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात टाका, अर्ध-अर्ध करून नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पन्हं, ताक प्या, उत्तमच. फक्त बीपीवाल्यांनी त्यातलं मीठ सांभाळा.

एक गोष्ट मात्र मी रोज पाहतो आणि रोज घसा कोरडा करून सांगतो. दिवसभर उन्हात काम, पाणी कमी, पोट रिकामं, आणि संध्याकाळी अंगदुखीची गोळी. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अशा कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावर घाव घालतात आणि बीपीही वाढवतात. लघवी जास्त करवणारी बीपीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी फ्रिज नसेल किंवा लाइट जात असेल तर ओल्या मातीच्या माठात, पाणी लागणार नाही अशा डब्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात कधीही नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

आखाजीच्याच आसपास, मे महिन्याच्या शेवटी, ज्यांनी घेतलेत त्यांच्या बँक खात्यातून दोन सरकारी विम्यांचे हप्ते कापले जातात. जीवन ज्योतीचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २०. मिळून ४५६. पहिला कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर दोन लाख देतो, दुसरा अपघातासाठी आहे. पहिल्यात ५० वर्षांपर्यंत शिरता येतं, दुसरा ७० पर्यंत चालतो. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो आणि घरच्यांना ते माणूस गेल्यावर कळतं. २५ मेच्या आधी पासबुक भरून आणा, एवढंच काम आहे.

पैशाच्या बाकीच्या गोष्टी कानबाईला. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा सुरतेहून, पुण्याहून, नाशिकहून सगळी भाऊबंदकी घरी येते. रोटाचं जेवण होतं, रात्रभर जागरण असतं. एरवी जे चार भाऊ फोनवरही धड बोलत नाहीत ते त्या रात्री एका ओट्यावर बसतात. तेव्हा आप्पांची कपाटातली पिशवी खाली काढा. कोणत्या बँकेत खातं, कुठे ठेव, नॉमिनी कोण, विम्याचा कागद कुठे. नॉमिनी म्हणून वारलेल्या आईचंच नाव असलेली खाती घरोघरी सापडतील. ही बोलणी म्हणजे वाटण्या नव्हेत, हे पहिल्या वाक्यात स्पष्ट सांगा, नाहीतर मोठ्या वहिनीला भलतंच वाटेल.

ठेवींबद्दल खान्देशाला वेगळं शिकवायला नको. पतसंस्था बुडाल्या तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंय. अजूनही म्हातारी माणसं पिवळ्या पडलेल्या पावत्या जपून ठेवतात आणि औषध घेताना मला विचारतात, काही मिळेल का रे भाऊ. तरी आजही नव्या पतसंस्थेत "अर्धा टक्का जास्त" म्हणून लोक पैसे टाकतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक खातेदाराला प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. अर्धा टक्का जास्त कशाबद्दल मिळतो हे त्यात आलं. भिशीबद्दल माझं मत मऊ आहे. ओळखीच्या बायांची छोटी भिशी खूप घरांना सावरते. पण दवाखान्यासाठीचा पैसा भिशीत अडकवू नका, कारण आजार तुमचा नंबर लागायची वाट पाहत नाही.

तो दवाखान्याचा पैसा बाजूला काढायचा मुहूर्त म्हणजे कापसाचा पहिला पैसा. सावकार, दुकानदार, सोनार यांच्या आधी. बँकेच्या वेगळ्या खात्यात टाका, त्याचं कार्डसुद्धा घेऊ नका. किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. निदान घरातल्या चालू गोळ्यांचा पुढच्या दिवाळीपर्यंतचा खर्च तरी त्यात असावा. एवढं झालं तर आषाढात स्ट्रिप कापावी लागणार नाही.

आता मनाचं. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. चाळिशी-पन्नाशीचे गडी, चांगले धडधाकट, दुकानात गर्दी ओसरायची वाट पाहत उभे राहतात. मग हळूच म्हणतात, "भाऊ, झोप येस नही. काही गोळी दे." डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मी देत नाही, कायद्यानेही देता येत नाही. पण मी त्यांना रिकामं परत पाठवत नाही. स्टूल देतो, पाणी देतो, विचारतो. कुणाचं बोअरचं पाणी गेलेलं असतं, कुणाच्या पोराचं लग्न जमत नसतं. बायका झोपेचं बोलत नाहीत. त्यांचं डोकं दुखतं, छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो. तपासण्या नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात, नाटकं करते. नाटकं नसतात. मनाचं दुखणं अंगातून बोलतं.

दोन आठवड्यांहून जास्त मन उदास राहिलं, आवडीच्या कामात जीव रमेना, झोप-भूक बिघडली, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. टेली-मानसचा नंबर १४४१६. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. हा नंबर मी बिलाच्या मागे लिहून देतो. "आता जगून काय करू" असं कुणी बोललं तर विषय बदलू नका. जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटं सोडू नका. आणि फवारणीची औषधं घरात, खाटेखाली, कोनाड्यात ठेवू नका. कुलूपबंद पेटीत ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. ती टोकाची घडी पुष्कळदा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. वाचलेल्या माणसावर पोलिसी बडगा येईल म्हणून दवाखान्यात नेण्यात उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं धरलं आहे आणि शिक्षेपासून वाचवलं आहे.

गड्यांनो, पारावर तुम्ही राजकारण, भाव, पाऊस सगळं बोलता. कर्जाचं आणि झोपेचंही बोला.

दारातल्या मुक्या जिवांचं काम पोळ्याला आठवतं. खांदेमळणी होते, बैलाला पुरण मिळतं. ते मनापासून होतं, म्हणून आणखी थोडं सांगतो. घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस पोळ्यापर्यंत थांबवू नका, ती पाऊस लागायच्या आधी टोचायची असते. २०२२ मध्ये गुरांमध्ये लम्पीची साथ आली तेव्हा आपल्या जिल्ह्याने काय सोसलं ते आठवा. जनावर आजारी पडलं तर १९६२ ला फोन करा, पशुवैद्यकाची गाडी त्या नंबरवर मिळते. माणसाचं डायक्लोफेनॅक बैलासाठी मागू नका. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, कारण ते औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं जवळजवळ संपली.

पोळ्याच्या दिवशी बैलाबरोबर कुत्र्याचीही आठवण ठेवा, त्याला रेबीजची लस द्या. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली, मग दरवर्षी. कुत्र्याला शेवभाजीचा उरलेला रस्सा घालू नका, कांदा-लसूण त्याच्या रक्ताला बाधतो. मांजर आजारी दिसलं म्हणून पॅरासिटामॉल मागायला येणारे आहेत. एका गोळीने मांजर मरू शकतं. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून पाहा. पाच सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला त्या रस्त्यावर नेऊ नका. आणि कुत्रं चावलंच तर हळद, चुना, मिरची काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, लस तिथे मोफत आहे. सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी ७ ते १० दुकानासमोर टेबल टाकतोय. बीपी आणि साखर मोफत तपासून देईन. साखरेसाठी उपाशीपोटी या, चहासुद्धा घेऊ नका. चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा, म्हणजे जनऔषधीत किंवा आरोग्य केंद्रात त्यातली कोणती मिळेल ते लिहून देता येईल. माहेरी आलेल्या लेकींनाही सोबत आणा, लॅबवाले भाऊ त्या दिवशी हिमोग्लोबिन निम्म्या पैशात करून द्यायला तयार आहेत.