चालण्यासोबत स्नायूंना ताकदही हवी

व्यायाम आणि प्रोबायोटिक (म्हणजे शरीराला उपयोगी जिवंत जिवाणू) यांच्या जोडीने मधुमेहींचे स्नायू टिकतात, असं तुमच्या लेखात म्हटलंय. व्यायामाबद्दल वादच नाही. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. प्रोबायोटिकचे बरेचसे प्रयोग मात्र उंदरांवरचे आहेत, हे ठळकपणे यायला हवं होतं. नाहीतर लोक महागड्या कॅप्सूल आणतील आणि व्यायाम राहून जाईल. घरचं दही जरूर खावं, पण त्यात कोणते जिवाणू किती, हे विरजणागणिक बदलतं.

माझ्या आईची साखर आटोक्यात होती, रोज फिरणंही होतं. तरी जमिनीवरून उठताना हात टेकावा लागायचा; वजन तेवढंच, मांड्या मात्र उतरलेल्या. फिजिओथेरपिस्टने हात छातीशी धरून खुर्चीवरून उठबस करायला लावली. वयानुसार होणाऱ्या स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार अशा ५ उठबशांना १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायूंची तपासणी करायला हवी. घरातल्या ज्येष्ठांची ही चाचणी आजच घ्या, जवळ उभं राहून. इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ताकदीचे व्यायाम कोणते, यावर कृपया सविस्तर लिहा.