‘सर्वांसाठी खुले’ म्हणजे ‘कोणाचेच नाही’ असे नव्हे

प्रकल्प सादर करण्याचे दिवस आले की फोंडा-फर्मागुडी भागातील विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो: ‘तांत्रिक संकेतस्थळांवरची उत्तरे लोकांनी आपखुशीने दिलेली असतात, म्हणून ती सर्वांची. कोडला कॉपीराइट नसतो. खाली लिंक दिली की दोष राहत नाही, आणि यात कोणाचे नुकसानही होत नाही.’ तो पुढे पाठवणारी मुले प्रामाणिक असतात, म्हणूनच त्याला उत्तर देणे मला शिक्षक या नात्याने आवश्यक वाटते.

आपखुशीने दिले म्हणून हक्क सुटत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगविषयीच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरील उत्तराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो. इतरांना मिळतो तो परवाना. २ मे २०१८ पासूनच्या मजकुराला क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘बाय-एसए ४.०’ परवाना लागू आहे. त्यानुसार लेखकाचे नाव द्यावे लागते, परवान्याचा उल्लेख करावा लागतो, बदल केले असल्यास तसे सांगावे लागते आणि त्यावर बेतलेले लेखन प्रसिद्ध केल्यास तेही त्याच अटींवर खुले ठेवावे लागते.

कोडविषयीचे विधान तर सरळ चुकीचे आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’च्या व्याख्येतच संगणक प्रोग्राम येतो, आणि हा हक्क नोंदणीवाचूनही असतो. मात्र कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे रीत समजून घेऊन स्वतःचा कोड लिहिणाऱ्याने कोणाचे काही घेतलेले नसते.

लिंकच्या मुद्द्यावर सर्वाधिक गोंधळ आहे, कारण वाङ्मयचौर्य आणि कॉपीराइटचा भंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्काची मुदत संपलेला मजकूर स्वतःच्या नावाने छापला तर कॉपीराइटचा भंग होत नाही, पण ते वाङ्मयचौर्यच असते. याउलट, सर्व हक्क राखीव असलेल्या पुस्तकाचे अख्खे प्रकरण उतरवून खाली पुस्तकाचे नाव दिले, तर श्रेय दिले जाते, परवानगी मात्र मिळालेली नसते. शिवाय असे उतरवलेले प्रकरण संकेतस्थळावर उत्तर म्हणून टाकणारा जो हक्क त्याचा नाही त्याचाच परवाना जगाला देऊन बसतो. शेजाऱ्याच्या कुळागरातील सुपारीची पावणी, म्हणजे लिलाव, आपण करावी, तसा हा प्रकार आहे. समीक्षेसाठी लहानसे अवतरण घेण्याला कायद्यात वाव आहे, प्रकरण उतरवण्याला नाही.

राहिला नुकसानीचा प्रश्न. जावा या प्रोग्रामिंग भाषेत फाइलचा आकार सहज वाचता येईल अशा रूपात दाखवणारा, २०१० मधील एका उत्तरातला कोड असंख्य प्रकल्पांत उतरवला गेला; त्यात चूक असल्याचे २०१९ मध्ये खुद्द लेखकानेच जाहीर केले. त्याने आपले उत्तर दुरुस्त केले, पण म्हणून नकला दुरुस्त होत नाहीत.

हे मी जवळून पाहिले आहे. मजकुरात लिहिलेली वेळ ओळखणाऱ्या प्रोग्रामविषयीच्या माझ्या एका उत्तरात मी नमुन्यादाखल पणजी-वाळपई बसचे वेळापत्रक घेतले होते आणि घाईत एका ओळीत ‘०७:६५’ असे टाइप झाले होते. आठवड्याभरात मी ती ओळ सुधारली. दोन वर्षांनी एका विद्यार्थिनीने मला फोनवर दुसऱ्याच्याच नावाचे एक पान दाखवले. त्यात वाळपई तीच होती, माझे शब्द तेच होते आणि वेळही ०७:६५ होती. प्रोग्राम नेमका याच ओळीवर का अडतो, असे ती विचारत होती. सबंध दुपार तिने त्यात घालवली होती, कारण मूळ उत्तर कोणाचे आणि ते कुठे आहे, हे त्या पानावर कुठेही लिहिलेले नव्हते.